काउंटरवर बसणाऱ्याचं पिस्तूल

माझ्यासाठी कोणतं पिस्तूल घ्यायचं हे जहूरभाईंनी अमेरिकेहून निघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. शुक्रवारी दुपारी, दुबईत आमच्या अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये जेवणाची ताटं अजून उचललेली नव्हती, तेव्हाच त्यांनी हात पुसून फोन माझ्यापुढे धरला.

"बघ नबिला. खास लेडीज पीस."

फोटोतलं पिस्तूल फिकट जांभळ्या रंगाचं होतं. मुठीवर शिंपल्यासारखी चमक. शेजारी आकार कळावा म्हणून कुणीतरी लिपस्टिक ठेवली होती.

"एवढंसं आहे, पण काम करतं. वजन म्हणशील तर तुझ्या फोनपेक्षा थोडं जास्त. दिवसभर अंगावर राहिलं तरी कळणार नाही."

"मला?" मी विचारलं.

"मग कुणाला? यूनुसला जांभळं शोभेल काय?" ते स्वतःच हसले. यूनुसही हसला. माझा नवरा त्याच्या मोठ्या भावाच्या विनोदांवर भावाच्या आधी हसतो.

जहूरभाई पंचवीस वर्षांपूर्वी खेडहून जॉर्जियाला गेले. तिथं हायवेच्या कडेला त्यांचा पेट्रोल पंप आहे आणि पंपाला लागून दुकान. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी धाकट्या भावासाठी ग्रीन कार्डचा अर्ज भरला. मग आम्ही सगळेच तो विसरलो. आखातातल्या आमच्या लोकांच्या किती तरी घरांत असे अर्ज पडलेले असतात. पोरं मोठी होतात, अर्ज तिथंच. आमचा गेल्या महिन्यात निघाला. तिघांच्या पासपोर्टवर व्हिसा बसला. सहा महिन्यांच्या आत तिकडे पोचायचं होतं, आणि त्यासाठी मी येत्या सोमवारी राजीनामा द्यायचा असं घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे यूनुस म्हणाला होता आणि मी नाही म्हटलं नव्हतं. लेकीच्या, इन्शाच्या कॉलेजचं सोपं होईल, साठीनंतर इथून गाशा गुंडाळावा लागणार नाही, ही कारणं मलाही पटली होती.

तिकडे मी काय करणार, यावर "भाईच्या धंद्यात हात लावशील, मग बघू" एवढंच बोलणं झालं होतं. पिस्तुलाचा विषय त्या दुपारी पहिल्यांदा निघाला.

मी शारजाच्या औद्योगिक भागात एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. सकाळी सगळी शारजा दुबईकडे येत असते तेव्हा मी उलट्या दिशेनं जाते. कारखाने आमच्याकडे त्यांची मोजायची साधनं पाठवतात, प्रेशर गेज, वजनं, टॉर्क रेंच. ती खरं सांगतात की खोटं, हे मी तपासते. कधी कुणी फोन करून म्हणतं, मॅडम, एखादा चांगला गेज सुचवा. तेव्हा आम्ही पहिल्यांदा विचारतो, कुठं लावणार? वाचणार कोण? उभं राहून की शिडीवर चढून? याची उत्तरं मिळेपर्यंत कुठलंच साधन चांगलं नसतं आणि वाईटही नसतं.

तोच प्रश्न मी जहूरभाईंना विचारला. भांडायला नव्हे, खरंच कळावं म्हणून.

"हे मी कुठं वापरायचं?"

"वापरायचं नाही ग! वापरायची वेळ येऊच नये, इन्शाल्ला. नुसतं जवळ असावं. तिकडे सगळे ठेवतात. तुझी भाभी ठेवते, डॉक्टर ठेवतो, मास्तर ठेवतो."

"जवळ म्हणजे पर्समध्ये?"

"पर्समध्ये नाही." हे त्यांनी फार पटकन म्हटलं. "अंगावर. कपड्याच्या आत. कुणाला दिसता कामा नये."

"पर्समध्ये का नाही?"

"पर्समध्ये नसतं ठेवायचं. बस." आणि त्यांनी यूनुसकडे चहाचं बघ अशा अर्थी पाहिलं.

इथल्या मुलींना त्यांच्या बडे अब्बांबद्दल, म्हणजे मोठ्या काकांबद्दल वाटतं तेवढंच कौतुक इन्शाला होतं. ती तेरा वर्षांची आहे. ती फोनवरून डोळे न काढता म्हणाली, "व्हेअर वुड शी ईव्हन पुट इट? ममा वेअर्स सलवार."

प्रश्न अगदी बरोबर होता. पिस्तूल कमरेला लावायचं तर जाड पट्टा लागतो. मी स्वयंपाकघरातून मसुरीची पिशवी आणली. भरलेलं मध्यम पिस्तूल साधारण पाऊण किलोचं असतं असं फोनवर पाहिलं, तेवढी डाळ काट्यावर मोजून पिशवीत बांधली, आणि पिशवी नाडीत खोचून दिवाणखान्यातून एक फेरी मारली. सोफ्यापर्यंत जाताजाता सलवार एका बाजूनं खाली आली. इन्शा उशीत तोंड खुपसून हसायला लागली. "यू लुक लाइक अ व्हेरी बॅड स्मगलर!"

"म्हणून तर छोटं घ्यायचं," जहूरभाई म्हणाले. त्यांना वाटलं, मी त्यांचीच बाजू सिद्ध केली. "आणि पोटाला बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा मिळतो. कुर्त्याच्या आत. तुझ्या भाभीकडे आहे."

"मग ते काढायला मी कुर्ता वर करायचा? समोर माणूस उभा असताना?"

"अरे, तोपर्यंत माणूस पळून जाईल," यूनुस म्हणाला आणि दोघे भाऊ पुन्हा हसले.

मी हसले नाही. माझ्या लक्षात आलं होतं की "समोर माणूस उभा असताना" हे मी सहज म्हटलं, आणि दोघांपैकी कुणीही "कुठला माणूस?" असं विचारलं नाही.

शनिवारी सकाळी जहूरभाई आम्हाला शूटिंग क्लबवर घेऊन गेले. इथं पोलिसांखेरीज कुणाच्या अंगावर पिस्तूल असत नाही, पण क्लबमध्ये ओळखपत्र दाखवून, शिक्षक शेजारी उभा करून, भाड्याच्या पिस्तुलानं नेम मारता येतो. कल्पना त्यांचीच. "तिकडे येऊन घाबरायला नको. इथंच हात मोकळा कर." इन्शाला काचेपलीकडे बसवलं. आमचा शिक्षक यहया म्हणून जॉर्डनचा होता, पन्नाशीचा, जाड मानेचा. मोडक्या हिंदीत सगळ्यांशी बोलत होता.

जहूरभाईंनी त्याला फोनमधला जांभळा फोटो दाखवला. "ऐसा छोटा कुछ है, हबीबी? मॅडम के लिए."

यहयानं फोटो पाहिला, माझा हात पाहिला, आणि दोन पिस्तुलं आणून ठेवली. एक तळहातात मावेल असं, थ्री-एटी गोळीचं. दुसरं त्याहून बोटभर लांब आणि जाड, नाइन एमएमचं. याला कॉम्पॅक्ट म्हणतात असं त्यानं सांगितलं: कपड्याखाली लपेल इतकं लहान, हातात बसेल इतकं मोठं.

आधी छोटं घेतलं. मुठीवर माझी दोनच बोटं बसली, करंगळी खाली लोंबकळत राहिली. गोळी भरायला वरचा भाग मागे ओढावा लागतो, तो इतका कडक की दोनदा निसटला. पहिला बार झाला तेव्हा पिस्तूल हातात असं उडालं की अंगठ्याच्या बेचक्यात कुणी छडी मारल्यासारखं झालं. सात मीटरवरच्या कागदावर माझ्या गोळ्या पसरल्या, एक खांद्यापाशी, एक कानाजवळ, एक कागदाबाहेर.

"पहिल्यांदा असंच होतं," जहूरभाई कानावरचा हेडफोन उचलून ओरडले. "बायकांच्या मनगटात जोर नसतो."

मग मोठं घेतलं. तिन्ही बोटं बसली. धक्का आला, पण तो तळहातभर पसरून आला. पाच गोळ्या छातीच्या वर्तुळात लागल्या, सगळ्या बशीएवढ्या जागेत. मी पुन्हा छोटं घेतलं, पुन्हा तेच झालं. पुन्हा मोठं, पुन्हा बशी.

यात मनगटाचा काही संबंध नाही. हे अकरावीचं भौतिकशास्त्र आहे. गोळी पुढे जाताना पिस्तुलाला मागे ढकलते; पिस्तूल जितकं हलकं तितकं ते जोरानं मागे येतं. नळी आखूड, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणांमधलं अंतर कमी, म्हणजे हाताची बारीकशी चूक कागदावर मोठी होते. ज्याला सवय नाही, ज्याचा हात भीतीनं कापणार आहे, त्याच्या हातात जगातलं सगळ्यात अवघड पिस्तूल द्यायचं आणि ते जांभळं आहे म्हणून त्याला सोपं म्हणायचं! हे मी जहूरभाईंना शांतपणे सांगितलं.

यहया कागद काढत होता. तो म्हणाला, "छोटा मतलब आसान नहीं, सर. छोटा मतलब सिर्फ छोटा."

"बरं बाबा, मोठं घेऊ," जहूरभाई म्हणाले. "जांभळं नाही मिळणार त्यात."

त्यांना वाटलं, वाद मिटला. मला मात्र आता कुठं खरा प्रश्न विचारता येत होता. पिस्तूल कसं असावं हे कळलं होतं. ते कशासाठी हवं, हे अजून कुणी बोललं नव्हतं.

क्लबच्या उपाहारगृहात आम्ही चौघं बसलो. कडक चहा आला. मी सुरुवात पर्सपासूनच केली, कारण काल उत्तर तिथंच अडलं होतं.

"जहूरभाई, पर्समध्ये का नको?"

"तू सोडत नाहीस ग एकदा धरलं की."

"तिचं कामच ते आहे, भाई," यूनुस म्हणाला.

"अरे, दुकानात ती आधीची बाई होती ना, छायाबेन. नवसारीची. तिनं पर्समध्ये ठेवलं होतं. तो आला, त्यानं आधी पर्सच मागितली." त्यांनी खांदे उडवले. "झालं. गल्ल्याबरोबर पिस्तूलही गेलं."

"कोण आला?"

जहूरभाईंनी चहाचा घोट घेतला. "असतात. ड्रगवाले वगैरे. पण तिला काही झालं नाही. साधं खरचटलं. घाबरून नोकरी सोडली, एवढंच."

"खरचटलं म्हणजे?"

"कपाळावर. पिस्तुलाचा दांडा लागला. तिच्याच." मग ते घाईनं म्हणाले, "म्हणून तर मी विचार केला, अंगावरच असायला हवं. मी तुझाच विचार करतोय."

इन्शानं फोन खाली ठेवला होता.

"ती कुठं बसायची?" मी विचारलं.

"काउंटरवर. आणि कुठं?"

"किती वाजता झालं हे?"

"पहाटे. तीनच्या सुमाराला."

"आणि आत तिच्याबरोबर कोण होतं?"

"रात्री दोन माणसं ठेवायला दुकान काय मॉल आहे?"

मी यूनुसकडे पाहिलं. तो कपाच्या कडेवर बोट फिरवत होता. "तुम्हाला माहीत होतं?"

"काउंटरचं माहीत होतं," तो म्हणाला. "सुरुवातीला रात्रीची पाळी घ्यावी लागेल असं भाई म्हणाला होता. दिवसा भाभी बसते. मी पंपाचे हिशेब बघणार. आधी थोडे दिवस..."

"छायाबेनचं?"

त्यानं मान हलवली. ती हो होती.

मी फारशी ओरडत नाही. माझ्या लॅबमधली मुलं सांगतात की मॅडम रागावल्या की आणखी हळू बोलतात. मला त्या क्षणी आठवलं ते एवढंच, की कालपासून हे दोघे भाऊ रंगावर, वजनावर, इलॅस्टिकवर बोलत होते, हसत होते, आणि त्या सगळ्या वेळात दोघांच्याही डोळ्यांपुढे पहाटे तीनला एका दुकानात एकटी बसलेली मी होते. हे ठरलेलं होतं. त्यात फक्त माझ्या मापाचं पिस्तूल कोणतं एवढंच माझ्यावर सोडलं होतं. त्यातही रंग त्यांचा.

"मी सांगते तुम्हाला कोणतं घ्यायचं," मी म्हटलं. "ते मोठं. नाइन एमएम. जाड पट्टा, कडक म्यान, उजव्या कमरेला. रोज बसून काढायचा सराव करायचा, काउंटरच्या मागं बसून, कारण उभं राहून काढणं वेगळं आणि बसून काढणं वेगळं. आणि ते ज्याच्याकडे पॅन्ट, पट्टा आणि मोठा हात आहे, त्यानं वापरायचं. म्हणजे तुम्ही. किंवा हे."

"नबिला," यूनुस म्हणाला.

"नाहीतर दुकान रात्री बंद ठेवा."

जहूरभाई हसले, पण या वेळी एकटेच. "हायवेवरचं दुकान रात्री बंद? ट्रकवाले पुढच्या एक्झिटला जातील. नबिला, तुला धंद्यातलं कळत नाही. तुला मशीनचं कळतं. म्हणून तर म्हटलं, ही काउंटर दोन दिवसांत शिकेल. पंधरा वर्षं मी फाइल लावून ठेवली तुमच्यासाठी. पंधरा! घरचं माणूस येईल, विश्वासाचं येईल, म्हणून. बाहेरचे गल्ल्यात हात घालतात."

"फाइल तुम्ही भावासाठी लावली होती."

"मग तू कोण? परकी?"

"छायाबेन परकी होती?"

जहूरभाईंनी वेटरला आणखी चहा खुणावला. मी पुढे विचारलं, "आता रात्री कोण बसतं?"

"आहे एक. तात्पुरती. तुम्ही येईपर्यंत."

"तिच्याकडे पिस्तूल आहे?"

"तिला कशाला?" जहूरभाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "ती काय घरची आहे?"

इन्शानं मान वर केली. "सो फॅमिली गेट्स अ गन अँड शी गेट्स नथिंग?"

"इन्शा, मोठ्यांच्या मधे बोलू नको," यूनुस म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता. तो भावाकडे बघत होता. मी लग्नाच्या अठरा वर्षांत त्याला भावाला प्रश्न विचारताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं विचारला.

"भाई, रात्री तू कुठं असतोस?"

"घरी. आणि कुठं? दिवसभर पळापळ असते. पण मी झोपेतही लक्ष ठेवून असतो." त्यांनी फोन उचलला. त्यांना हे सांगायला मिळालं याचा आनंद दिसत होता. "कॅमेरे बसवलेत. चार. जगात कुठंही असलो तरी दिसतं. हे बघ, आत्ताही दिसेल. तिकडे आता पहाटेचे चार वाजलेत."

त्यांनी फोन कपांच्या मधे टेबलावर ठेवला. आम्ही चौघंही वाकलो.

चित्र वरून घेतलेलं होतं. चिप्सच्या पाकिटांच्या रांगा, कॉफीचं मशीन, काउंटर. काउंटरमागं स्टुलावर एक बाई बसली होती, सावळी, जाडसर, साठीच्या आसपासची. अंगात पुरुषी स्वेटर. दोन्ही हात बगलेत घेतलेले. ती काहीच करत नव्हती, फक्त दाराकडे बघत होती.

"हिचं नाव काय?" मी विचारलं.

"मारिया का काय. हिशेबात बायको बघते ते."

"इज शी कोल्ड?" इन्शानं विचारलं.

तेवढ्यात चित्राच्या खालच्या कडेला दार उघडलं. टोपी घातलेला एक उंच माणूस आत आला. बाईनं हात बगलेतून काढून काउंटरवर ठेवले, दोन्ही, पंजे उघडे, दिसतील असे. हे तिला कुणी शिकवलं असेल की ती आपली आपणच शिकली असेल, मला माहीत नाही. माणूस कॉफीच्या मशीनकडे गेला. त्याची पाठ आमच्याकडे होती. त्याचा एक हात जाकिटाच्या खिशात होता.

शेजारच्या टेबलावर मुलं आइस्क्रीमवरून भांडत होती. माणसानं पेला भरला, झाकण लावलं, काउंटरपाशी आला, खिशातला हात काढला. हातात नोट होती. बाईनं सुटे दिले. तो गेला. दार मिटेपर्यंत बाईचे पंजे काउंटरवर तसेच होते.

"बघ, काही होत नाही," जहूरभाई म्हणाले, आणि मग खाकरले.

यूनुसनं तो फोन उचलला. मला वाटलं, तो आणखी जवळून बघणार आहे. त्यानं स्क्रीन बंद केली आणि फोन भावाच्या पुढ्यात ठेवला.

"ही सोमवारी राजीनामा देणार नाही," तो म्हणाला.

"काय म्हणतोस? व्हिसा जाईल, यूनुस. पुन्हा पंधरा वर्षं..."

"जाऊ दे." त्याचे कान लाल झाले होते. "मला रात्री तिथं बसवशील, तर मी येईन भाई. एकटा. हिला नाही."

जहूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच त्याच्या तोंडून वदवून घेतलंय. मी त्यांच्या नजरेला नजर दिली.

"आणि हे येईपर्यंत," मी म्हटलं, "त्या बाईला घरी पाठवा. तिकडे चारच वाजलेत, अजून अंधार आहे. भाभींना उठवा, नाहीतर कुलूप लावायला सांगा. आत्ता. आमच्यासमोर फोन करा."

"आत्ता? तुझी भाभी झोपलेली असेल."

"मारिया जागी आहे," मी म्हटलं.

जहूरभाईंनी फोन उचलला आणि घरचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. आम्ही तिघं उठलो नाही.